एमएस्सीनंतर पहिली-दुसरीला शिकवायचंय. बीएड की डीएलएड?

वाशिष्ठीकाठ | 14 मे, रात्री 9:42

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी चिपळूणजवळच्या एका गावातली. एमएस्सी, रसायनशास्त्र. लोट्याला एका कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायला) आहे. नोकरीला नावं ठेवण्यासारखं काही नाही, पगार वेळेवर, कंपनीची बस दारात. पण लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा वाडीतली सात पोरं आमच्या पडवीत येऊन बसायची आणि मी त्यांना वाचायला शिकवायचे. म्हणजे शिकवतेय असं तेव्हा वाटायचं. त्यातल्या दुसरीतल्या एका पोराला अक्षरं सगळी यायची, पण जोडून शब्द व्हायचा नाही. 'क', 'म', 'ळ' म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. दीड महिना असाच गेला. पुढे एसटी परत सुरू झाली, तेव्हा एक दिवस हा धापा टाकत पडवीत आला आणि म्हणाला, "ताई, गाडीवर गुहागर लिवलंय!"

ते डोक्यातून गेलं नाही ते नाहीच. आता 27 पूर्ण होतील. पहिली ते चौथीलाच शिकवायचंय, हायस्कूलला नाही. आई म्हणते, एमएस्सी करून लोकांच्या पोरांची शेंबडं पुसणार का?

तर विचारायचं असं, की बीएड केलं तर पहिली-दुसरीला चालतं ना? माझ्या एमएस्सीचा काही फायदा होईल का? आणि या वयात उशीर तर नाही झाला?

फणसगरा | 14 मे, रात्री 9:58

बीएड करून टाक. सीईटी द्यायची, दोन वर्षं काढायची, झालं. माझ्या चुलतबहिणीने तेच केलं, आज हायस्कूलला आहे. आणि एमएस्सी आहेस तर ज्युनियर कॉलेजचं बघ की, पहिलीत कशाला शिरतेस!

पाटीपेन्सिल | 14 मे, रात्री 10:31

फणसगरा, थांबा जरा. तिने विचारलंय पहिली ते चौथीचं, आणि तिथे बीएड चालत नाही. या गैरसमजापायी माझ्या ओळखीतल्या दोघींची दोन-दोन वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहिते. मी रत्नागिरी जिल्ह्यातच जिल्हा परिषद शाळेत आहे.

28 जून 2018 ला एनसीटीईने (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद) अधिसूचना काढली होती, की बीएडवाल्यांनाही पहिली ते पाचवीला घेता येईल, फक्त नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. राजस्थानातून ते प्रकरण कोर्टात गेलं आणि 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत काढून टाकली. म्हणणं साधं होतं: लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण वेगळं, बीएड त्यासाठी बनलेलंच नाही. त्या तारखेआधी नेमणूक झालेल्यांच्या नोकऱ्या पुढे 2024 मध्ये वाचवल्या, पण नव्याने दार बंद.

म्हणून आजचा हिशोब असा. पहिली ते पाचवीसाठी बारावी, मग डीएलएड (आपलं जुनं डीएड) आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवी, त्यावर डीएलएड किंवा बीएड, आणि टीईटीचा पेपर दोन. टीईटी 150 मार्कांची. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 लागतात, राखीवला 55 टक्के. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. एकदा पास झालीस की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पूर्वी सात वर्षांनी शिळं व्हायचं.

टीईटीने फक्त पात्र ठरतेस. नोकरीसाठी वेगळी 'टेट' द्यावी लागते, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. 200 प्रश्न, दोन तास. त्या मार्कांवर पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) नंबर लागतो. टीईटी आणि टेट यांच्यात गल्लत करू नकोस, अर्धा महाराष्ट्र करतो.

एमएस्सीचं विचारलंस. पहिलीच्या वर्गासाठी तिला कोणी विचारणार नाही. डीएलएडचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होतो. खुल्या प्रवर्गाला 49.5 टक्के हवेत.

वाशिष्ठीकाठ | 14 मे, रात्री 10:36

बारावीच्या??

पाटीपेन्सिल | 14 मे, रात्री 10:38

हो. तुझ्याच वर्गात अठरा वर्षांची पोरं असतील आणि ती तुला ताई म्हणतील. तयारी ठेव.

खारेवारे | 15 मे, सकाळी 7:15

मी सध्या डीएलएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बीए झाल्यावर आलोय. आमच्या वर्गात पदवीधर आम्ही चौघं. जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे प्रवेशाची चिंता नको. पण विद्यालय बघून घे. काही ठिकाणी नावालाच हजेरी असते आणि पाठ 'ॲडजस्ट' होतात. तसल्या ठिकाणी पैसे वाचतील, पण शिकायला काही मिळणार नाही.

पहिले दोन महिने सूक्ष्म अध्यापनात गेले. म्हणजे पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच वर्गमित्र तिसरीतली मुलं असल्याचं सोंग करणार, आणि तू एकच कौशल्य दाखवायचं. प्रश्न विचारणं असेल तर प्रश्नच. मला वाटलं पोरखेळ आहे. मग मॅडमनी माझ्याच पाठात मोजून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर मी उत्तरासाठी दोन सेकंदही थांबत नव्हतो, स्वतःच उत्तर देऊन मोकळा! ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. त्यानंतर सराव पाठ, आंतरवासिता (खऱ्या शाळेत राहून शिकवणं), कृतिसंशोधन. आणि टाचण, म्हणजे प्रत्येक पाठाची लेखी तयारी. टाचण लिहून लिहून बोटाला घट्टा पडतो, तो वेगळा.

बोंडू | 15 मे, दुपारी 1:20

बाय गो, माजा आयकशीत तर ह्या भानगडीत पडू नको.

कुडाळातून लिहितोय. डीएड 2012. आमच्या वेळी बारावीला 80 टक्के असले तरी सरकारी विद्यालयात नंबर लागेल की नाही याची धाकधूक असायची. घरोघरी 'पोरगा डीएडला लागला' म्हणून पेढे. आम्ही बाहेर पडलो आणि भरती बंद. 2013 ला टीईटी आली, ती काढली. 2017 च्या डिसेंबरात पहिली टेट झाली, ती दिली. त्या भरतीच्या याद्यांची वाट बघता बघता माझं लग्न झालं, मुलगा झाला. पुढची टेट थेट 2023 ला. मग 2025 ला. दोन टेटच्या मधे माझा मुलगा बालवाडीतून पहिलीत गेला, आणि मी त्याच्या शाळेत पालक म्हणून जातो.

आज काजूचा धंदा करतो, पोटापुरतं चाललंय. राग त्याचा नाही. राग याचा, की आमच्या जिल्ह्यात लागणारे बरेच जण घाटावरचे. टेटला मार्क जास्त, म्हणून इकडे येतात, तीन वर्षं शिक्षण सेवक (मानधनावरचा नवा शिक्षक) म्हणून काढतात आणि आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म भरून मोकळे. मागे शाळा रिकामी. पोरांनी दर तीन वर्षांनी नवा गुरुजी बघायचा. आम्ही स्थानिक डीएडवाले उपोषणं करून थकलो.

आणि पगाराचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. शिक्षण सेवकाला 16,000 मिळतात. तेही 2023 पासून, त्याआधी 6,000 होते. तुला लोट्याला यापेक्षा जास्त मिळत असणार.

मांजराकाठचा | 15 मे, रात्री 9:05

बोंडू दादा, मी तुमच्या त्या 'घाटावरच्या' लोकांपैकी. लातूर जिल्ह्यातला, सध्या सिंधुदुर्गात एका द्विशिक्षकी शाळेवर. मार्क जास्त पडले हा माझा गुन्हा आहे का? माझ्या तालुक्यात जागा नव्हती, इथे होती. मायबाप तिकडे, बायको तिकडे, गावी जायचं तर चौदा तास. बदली मागणार नाही तर काय करू?

पण तुमचं एक खरं आहे, तेही कबूल करतो. पहिल्या पावसाळ्यात पहिलीतलं एक पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "गुरुजी, माका घराक जावक व्हया." मला फक्त 'जावक' कळलं. वाटलं, घरच्यांनी आवक-जावक रजिस्टरचं काही विचारायला सांगितलंय! मी त्याला म्हणालो, मुख्याध्यापक आल्यावर बघू. पोराने भोकाड पसरलं. शेवटी चौथीतल्या पोरीने दुभाषाचं काम केलं.

पुस्तकात 'ओढा' शब्द आला. मी विचारलं, ओढा कोणी पाहिलाय? कोणीच नाही. एकाने हात वर करून दोरी ओढल्यासारखं करून दाखवलं. शाळेच्या मागे बारमाही पाणी वाहतंय, रोज तिथे पाय धुतात, पण त्याला सगळे 'व्हाळ' म्हणतात. त्या दिवसापासून मी एक वही केली, एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला पोरांचा. आज चारशेच्या वर शब्द आहेत. डीएडला 'मुलाच्या बोलीपासून प्रमाणभाषेकडे' हे वाक्य मी पाठ करून दहा मार्कांना लिहिलं होतं. कळलं इथे आल्यावर.

बोंडू | 15 मे, रात्री 9:31

राग वैयक्तिक तुमच्यावर नाही गुरुजी. पण आमच्यातला कोणी तिथे असता तर वही करावी लागली नसती, येवढाच.

फणसगरा | 15 मे, रात्री 9:40

घाटी-कोकणी सुरू झालं का? पॉपकॉर्न घेऊन बसतो.

व्यवस्थापक | 15 मे, रात्री 10:10

बसू नका, काही मिळणार नाही. दोन प्रतिसाद उडवले आहेत. स्थानिक भरतीवर वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्नाला धरून लिहा.

धुक्यातली | 16 मे, पहाटे 3:50

इथल्या वेळेमुळे उशिरा लिहितेय. मी मूळची देवगडची, लग्नानंतर इंग्लंडात. बीएस्सी होते, इथे येऊन प्राथमिक शिक्षिका झाले. तिकडच्या उपयोगाचं नाही, पण तुलनेसाठी सांगते.

इथे कुठल्याही विषयाची पदवी असली तरी पदवीनंतर एक वर्षाचं प्रशिक्षण घेता येतं, पीजीसीई. सोबत क्यूटीएस मिळतं, म्हणजे पात्र शिक्षक असल्याचा शिक्का. वाशिष्ठीकाठ, तू बारावीवर हसलीस (की रडलीस?), मला तर दहावी दाखवायला लागली! इथल्या दहावीच्या पातळीचं इंग्रजी, गणित आणि प्राथमिकसाठी शास्त्र, हे तिन्ही लागतं. माझ्या देवगडच्या मार्कलिस्टची इथल्या पातळीशी बरोबरी करून घ्यावी लागली, मग दारात उभं केलं.

त्या वर्षातले निदान 120 दिवस शाळेत. वर्ग शिकवणं, शेजारी मुरलेली शिक्षिका बसून टिपणं काढणार, संध्याकाळी त्यावर बोलणं. प्राथमिकला सगळे विषय एकटीने, अगदी पीटीसुद्धा. मी नोव्हेंबरच्या थंडीत शिट्टी घेऊन मैदानावर उभी, नाक लाल. पहिल्या सत्रात दोनदा सोडून द्यायचं ठरवलं होतं. आणि पास झाल्यावरही पहिली दोन वर्षं नवशिकी म्हणूनच धरतात, तास थोडे कमी देतात, मार्गदर्शक लावून देतात.

हे सगळं गुलाबी नाही, कागदकामाने इथले शिक्षकही पिचलेत. पण 'लहान मुलांचं काय, कोणीही शिकवेल' असं मला इथे कोणी म्हणालं नाही. ते ऐकलं फक्त आमच्या जामसंड्याच्या काकूंकडून.

जुनेगुरुजी | 16 मे, सकाळी 6:40

गुहागर तालुक्यात 33 वर्षे प्राथमिक शाळेत होतो, आता निवृत्त. नातू टंकून देतो, चुका त्याच्या.

बोंडू यांचे दुःख समजते. परीक्षेने कोकणातल्या माणसाची वाट अडवणे ही जुनीच गोष्ट आहे. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. 1875 साली ते मुरुडहून चालत, सह्याद्री ओलांडून साताऱ्याला गेले, सहावीच्या परीक्षेसाठी. ती सहावी पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. तिथे पोचल्यावर त्यांना सांगितले, तुझे वय लहान दिसते, बसता येणार नाही. आले तसे परत. आपल्याकडे निदान हॉल तिकीट आधी मिळते.

आता बाईंच्या आईंसाठी दोन शब्द. एमएस्सीला शेंबूड पुसायचे काम का, असे त्या म्हणतात. त्यांना एक गणित घाला. दुसरीतले पोर 'त्रेपन्न' ऐकते आणि 35 लिहिते. का? मास्तर नवखा असेल तर म्हणतो, लक्ष नाही. अहो, त्याचे लक्ष आहे म्हणूनच ते 35 लिहिते! 'त्रे' आधी ऐकू आले, तीन आधी लिहिले. आपल्या मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. वर ते एकोणतीस, एकोणचाळीस; एकोणतीसमध्ये तीस ऐकू येते, लिहायचे मात्र दोनपासून. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले तेव्हा राज्यभर थट्टा झाली. मीही केली. नंतर विचार करता वाटले, की ज्याने ते घातले तो कधीतरी दुसरीच्या वर्गात बसला असावा. (तरी मी पावकी-निमकीच्या जुन्या पाढ्यांवर वाढलेला माणूस, माझ्या तोंडी त्रेपन्नच राहणार.)

पोर कुठे चुकले ते कोणीही सांगेल. कसे चुकले हे ओळखायला शिकावे लागते. मला ते कळायला सात-आठ वर्षे लागली, आणि त्या सात-आठ वर्षांतली पोरे मात्र माझ्या हातून तशीच पुढे गेली.

पाटीपेन्सिल | 16 मे, सकाळी 8:02

गुरुजी, नमस्कार. 'कसे चुकले' हे मी वहीत लिहून ठेवतेय.

वाशिष्ठीकाठ, आणखी एक. एक वर्षाच्या बीएडच्या मसुद्याची चर्चा वाचून कोणी सांगेल, पदव्युत्तर आहेस तर थांब, लवकर होईल. तुला पहिलीच हवी असेल तर थांबू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात 2030 पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बीएड हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय, त्यामुळे डीएलएडचं पुढे काय ही शंका रास्त आहे. पण आज पहिलीच्या वर्गात जायचा तुझा रस्ता तोच.

नोकरीत असलेलेही काही निवांत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या आम्हा जुन्या लोकांनाही दोन वर्षांत टीईटी काढायची आहे. आमच्या केंद्रात पन्नाशीला टेकलेले गुरुजी सध्या शिक्षण परिषदेत मागच्या बाकावर बसून पियाजे (मुलांच्या विचारांची वाढ मांडणारा मानसशास्त्रज्ञ) पाठ करतायत. मी हसत नाही, कारण मीही त्यांच्याच शेजारी बसते.

खारेवारे | 16 मे, सकाळी 8:20

तो पियाजे आम्हाला विचारा, चारही अवस्था झोपेत सांगू.

मांजराकाठचा | 16 मे, रात्री 8:48

ताई, फॉर्म भरायच्या आधी एक करा. जवळच्या एखाद्या लहान पटाच्या शाळेत एक दिवस जाऊन बसा. मुख्याध्यापकांना विचारून, सकाळच्या प्रार्थनेपासून सुटेपर्यंत. पडवीतली सात पोरं तुमच्याकडे हौसेनं येत होती. शाळेत चार इयत्ता एका खोलीत असतात, त्यात खिचडी शिजतेय का बघायचं, ऑनलाइन माहिती भरायची आणि मधेच केंद्रातून फोन. ते बघून पण वाटलं तर खुशाल या. पोरांची कमी आहे कोकणात, चांगल्या गुरुजींची त्याहून जास्त.

वाशिष्ठीकाठ | 16 मे, रात्री 11:12

सगळ्यांचे आभार. बोंडू दादा, तुमचं वाचून खरंच झोप उडाली. शाळा जूनमध्ये उघडल्या की जाऊन येते आणि इथे लिहिते.

वाशिष्ठीकाठ | 19 जून, रात्री 10:25

सांगितल्याप्रमाणे जाऊन आले. दोन दिवस रजा टाकली. शाळेचं नाव लिहीत नाही.

रस्त्यापासून साकव ओलांडून वर चढायचं. चिऱ्याची शाळा, कौलं. माकडांनी दोन फोडलेली, त्याखाली बादली. पट 14, चौथीपर्यंत. शिक्षिका दोघी, पण एक जण बैठकीला, म्हणून चारही वर्ग एका बाईंकडे. पहिली-दुसरी खाली जमिनीवर, तिसरी-चौथी भिंतीकडेला बाकांवर. चौथीला त्यांनी उतारा दिला आणि सांगितलं, यातून प्रश्न तुम्हीच काढा. तिसरीतल्या दोघांना पहिलीतल्या दोघांना गोष्ट वाचून दाखवायला बसवलं. मला वाटलं वेळ मारून नेतायत. अर्ध्या तासाने कळलं की पहिलीतली पोरं ऐकत होती आणि तिसरीतला जो अडखळत वाचतो, त्याला चिडवणारं कोणी नव्हतं म्हणून तो मोकळेपणाने मोठ्याने वाचत होता.

मग बाई म्हणाल्या, तुम्ही दुसरीची वजाबाकी घ्या. तीनच मुलं. मनात म्हटलं, एवढं तर येतं. फळ्यावर 43 वजा 18 लिहिलं. म्हणाले, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारच्या चारकडून एक उसना घ्यायचा. एक छोटी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, तिने विचारलं, "परत कधी द्यायचा?"

मी गप्प. म्हणाले, नाही द्यायचा. ती म्हणाली, "मग उसना कसा?"

आणि 'एक' उसना घेतला तर तीनाचे तेरा कसे होतात, चार व्हायला हवेत, हेही तिनेच विचारलं. मी एमएस्सीला क्वांटम केमिस्ट्रीला चांगले मार्क घेतलेली बाई, खडू हातात धरून उभी. कारण मला वजाबाकी येत होती, आणि ती अशी का होते हे मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी कपाटातून हीर काढले. माडाच्या झावळीचे, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले, काही सुटे. छोटीपुढे चार गठ्ठे आणि तीन सुटे ठेवले. म्हणाल्या, अठरा दे मला. तिने एक गठ्ठा दिला. आता आठ दे. तिने तीन सुट्यांकडे बघितलं, गठ्ठ्यांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. बाई काही बोलल्या नाहीत, खिडकीबाहेर पाऊस बघत राहिल्या. (खारेवारे, तुमचे ते दोन सेकंद! इथे मिनिटभर तरी गेलं असेल.) मग तिने हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. दहा काड्या मांडीवर सांडल्या. आठ मोजून दिले, उरलेले दोन आणि आधीचे तीन एकत्र केले, दोन गठ्ठ्यांशेजारी ठेवले आणि म्हणाली, पंचवीस.

उसनं-बिसनं काही नाही. गठ्ठा सोडायचा असतो.

दुपारी खिचडी वाढली, एका पोराने ताटातला वाटाणा काढून नाकात घातला, तो काढण्यात मधली सुट्टी गेली. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, बघ, मी म्हटलंच होतं, शेंबूड नाहीतर वाटाणा!

अर्ज भरतेय.

पाटीपेन्सिल | 19 जून, रात्री 10:41

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि नोकरी लगेच सोडू नकोस, आधी प्रवेश नक्की होऊ दे.

बोंडू | 19 जून, रात्री 11:03

आता काय बोलू! हीर लागले तर सांग, आमच्या वाडीत माड रग्गड. मी पण 2012 ला असलेच गठ्ठे केलेले, माळ्यावर आहेत अजून. मुलाला कधी दाखवले नाहीत. उद्या काढतो.

जुनेगुरुजी | 20 जून, सकाळी 6:15

रबर पावसाळ्यात चिकट होऊन तुटते. केळीच्या सोपटाने बांधावे.

वाशिष्ठीकाठ | 20 जून, रात्री 9:30

मंडळी, एक अडचण. बारावीची मार्कलिस्ट नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात घरात साडेपाच फूट पाणी होतं, कपाटातलं सगळं गेलं. बीएस्सीची कागदं तेव्हा कॉलेजात जमा होती म्हणून वाचली. बारावीचा लगदा झाला. नंतर कोणी कधी मागितलीच नाही, म्हणून मीही काढली नाही. फोनमध्ये फोटो आहे, पण तो चालेल का?

खारेवारे | 20 जून, रात्री 9:44

फोटो पडताळणीला नाही चालत. दुसरी प्रत काढावी लागेल. 2016 ला पास ना? म्हणजे कोकण विभागीय मंडळ, रत्नागिरी. ज्युनियर कॉलेजमार्फत अर्ज कर, फोटोवरचा बैठक क्रमांक दे. आमच्या वर्गातल्या एकीची खेर्डीची हीच कथा होती, तिची आली.

वाशिष्ठीकाठ | 2 जुलै, संध्याकाळी 6:50

मिळाली. स्वतः रत्नागिरीला जाऊन घेतली. 61.38 टक्के, त्यात रसायनशास्त्राला सगळ्यात कमी. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कशाला लागतेय इतक्या वर्षांनी? सांगितलं. त्या म्हणाल्या, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, बाहेर पाऊस आहे.